सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा: प्रश्न लिहिण्यापासून निकाल लावण्यापर्यंत

शाळेचे स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सव मंडळ असो की गावातले वाचनालय, प्रश्नमंजुषा ठेवायची म्हटली की आधी बक्षिसांची, पाहुण्यांची आणि मांडवाची चर्चा होते. प्रश्न मात्र आदल्या रात्री एखाद्या स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकातून उतरवले जातात. स्पर्धा रंगत नाही ती बहुधा याच कारणाने. ‘महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता?’ या प्रश्नात विचार करायला जागाच नाही. हरियाल हे उत्तर पाठ असेल त्याला गुण मिळतात. ज्याला ते पाठ नाही, त्याने अर्धा मिनिट डोके खाजवले तरी ते सुचणार नाही. चांगल्या प्रश्नात एक वाट ठेवलेली असते. उत्तर आधी माहीत नसले, तरी जे माहीत आहे त्याच्या आधाराने तिथवर पोहोचता येते, आणि पोहोचता आले नाही तर उत्तर कळल्यावर ‘अरे, हे सुचायला हवे होते’ असे वाटते. पुढचे सगळे याच कसोटीवर बेतलेले आहे.

उत्तर आधी, प्रश्न नंतर

प्रश्न लिहायला बसताना उत्तरापासून सुरुवात करा. उत्तर असे निवडा की सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तरी ते नाव ऐकलेले असेल. मग त्या नावाभोवतीची कमी प्रसिद्ध पण पक्की माहिती शोधा आणि तिच्यातून दोन खुणा घ्या. त्या दोन वेगळ्या क्षेत्रांतल्या असाव्यात. शेवटी नेमके काय विचारले आहे (नाव, गाव, साल, संख्या) ते एका छोट्या वाक्यात सांगा.

उदाहरणार्थ, उत्तर ‘कारवी’ ठरवले. प्रश्न असा होतो: ‘सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे हे झुडूप साधारण सात वर्षांतून एकदा फुलते. त्याच्या सरळ काठ्या एकमेकींना बांधून आणि वर शेणमाती लिंपून घराच्या कुडाच्या भिंती करतात. झुडपाचे नाव सांगा.’ रानफुलांची आवड असलेल्याला पहिले वाक्य पुरते. डोंगराकडच्या गावातल्या मुलाने फुलोरा मोजलेला नसतो, पण कूड पाहिलेला असतो; त्याला दुसरे वाक्य पुरते. दोन वेगळी माणसे दोन वाटांनी एकाच उत्तराला येतात. यातला ‘साधारण’ हा शब्द गाळायचा नाही. प्रत्येक डोंगरावरच्या कारवीचे वर्ष सारखे नसते, आणि ‘दर सात वर्षांनी सगळीकडे’ असे लिहिले तर तो प्रश्न चुकीचा ठरतो.

हिशेबाने सुटणारे प्रश्नही ठेवा. ‘सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळात प्रत्येक अवताराचा एक रंग असतो. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने असतात. संपूर्ण संचात पाने किती?’ दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, म्हणून १२०. गंजिफा आयुष्यात न पाहिलेला संघही हे उत्तर देऊ शकतो आणि जाताना एका कलेची ओळख घेऊन जातो.

विज्ञानाचे प्रश्न व्याख्येवर लिहू नका, ठिकाणावर लिहा. ‘पाण्याचा उत्कलनबिंदू किती?’ याऐवजी विचारा: ‘कळसूबाईच्या माथ्यावर उघड्या पातेल्यात चहाचे आधण ठेवले. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळेल, त्याआधी की त्यानंतर? कारण सांगा.’ शिखराची उंची १६४६ मीटर आहे. साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो, म्हणजे तिथे पाणी ९४-९५ अंशांच्या आसपास उकळते. तीन पर्याय दिले की एक तृतीयांश लोक अंदाजाने बरोबर येतात, म्हणून इथे कारणाशिवाय गुण नाहीत, हे प्रश्नातच सांगून टाकायचे.

लांबीचे भान ठेवा. मोठ्याने वाचायला वीस सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रश्न छाटा. चाळीस शब्दांच्या आत बहुतेक प्रश्न बसतात. कानाने ऐकायच्या प्रश्नात तीनपेक्षा जास्त खुणा आल्या, तर शेवटची येईपर्यंत पहिली विसरली जाते.

एका विषयाला किती बाजू असतात

प्रश्नांचा साठा वाढवायचा असेल तर याद्या गोळा करण्यापेक्षा एकच जागा धरून तिच्याभोवती फिरावे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर घ्या. ते उल्काघाताने काळ्या पाषाणात झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पाणी अल्कधर्मी, सामू दहाच्या आसपास. विवराच्या उतारावर मात्र धारेचे गोडे पाणी अखंड पडते आणि तिथे लोक स्नान करतात. गावात दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर आहे आणि त्यामागे लवणासुराची कथा आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचे दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हे सरोवर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले.

आता यातून प्रश्न काढू. भूगोलाचा: ‘लोणारच्या विवरात पाणी येते, पण बाहेर जायला एकही वाट नाही. हजारो वर्षे उन्हाने पाणी आटत राहिले तर तळ्यात काय साचत जाईल?’ उत्तर क्षार. शाळकरी मुलालाही विचार करून ते देता येते. जीवशास्त्राचा प्रश्न गुलाबी रंगावर होतो. संस्कृतीचा असा: ‘या सरोवराच्या कथेतल्या दैत्याच्या नावातच सरोवराच्या पाण्याची चव आहे. दैत्य कोणता?’ उत्तर लवणासुर. ज्याने कथा ऐकलेली नाही, त्यालाही ‘लवण’ सुचले की काम होते.

विवराचे वय मात्र विचारू नका. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे पाच लाख सत्तर हजार. दोन्ही आकडे छापील साहित्यात सापडतात. अशा ठिकाणी आपण एक आकडा ‘बरोबर’ ठरवला, की दुसरा वाचून आलेल्या मुलावर अन्याय होतो.

हीच पद्धत वेरूळला लागू पडते. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यावरचा हा प्रश्न पाहा: ‘इमारतीत आधी जोते आणि शेवटी कळस असतो. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात घडलेल्या या मंदिरात क्रम उलटा होता. मंदिर कोणते आणि क्रम उलटा का?’ उत्तर: कैलास. ते रचलेले नसून वरून खाली कोरलेले आहे. एका प्रश्नात शिल्प, इतिहास आणि पाषाण तिन्ही येतात. आपापल्या तालुक्यातले धरण, घाट, जत्रा, देवराई किंवा जुनी बाजारपेठ घेऊन बसलात तर प्रत्येकातून पाचसहा प्रश्न सहज निघतील, आणि ते कुठल्याही तयार पुस्तकात नसतील.

प्रश्न कुठे फसतात

पहिला धोका ‘पहिला’ या शब्दाचा. ‘भारतातली पहिली रेल्वे कधी धावली?’ याला सगळे १८५३ म्हणतात. पण मद्रासजवळ रेड हिल्सचा दगड वाहून नेणारा लोहमार्ग १८३७ मध्येच सुरू झाला होता. ‘पहिली प्रवासी रेल्वे’ म्हटले की १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे उत्तर निर्विवाद होते. एका शब्दाने वाद मिटतो. ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हटले तरी तीच अडचण येते: दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मे १९१२ मध्ये दाखवला गेला आणि दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मे १९१३ मध्ये. पहिल्याला चित्रपट म्हणायचे की चित्रित केलेले नाटक, यावर मतभेद आहेत. म्हणून ‘पहिला’ टाळून विचारावे: ‘१९१३ च्या या मूकपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. दिग्दर्शक कोण?’ पहिल्या महिला डॉक्टरच्या प्रश्नातही आनंदीबाई जोशी आणि कादंबिनी गांगुली या दोघींचे दावे १८८६ या एकाच वर्षी येऊन भेटतात. आनंदीबाईंबद्दल विचारायचे असेल तर पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव घाला. प्रश्न निर्धोक होतो आणि त्या किती दूर जाऊन शिकल्या हेही ऐकणाऱ्याला कळते.

दुसरा धोका ‘सर्वांत मोठा, लांब, उंच’ या शब्दांचा. सर्वांत लांब नदी नाईल की ॲमेझॉन, यावर मोजणी करणाऱ्यांचे एकमत नाही. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून सर्वांत उंच आहे, पण पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचे शिखर इक्वेडोरमधले चिंबोराझो आहे. मोजमाप कशापासून, ते प्रश्नात लिहा.

तिसरा धोका शिळ्या उत्तरांचा. पुस्तक २०१४ पूर्वीचे असेल तर महाराष्ट्रात ३५ जिल्हे असतील. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर झाल्यापासून ३६ आहेत. शनीच्या उपग्रहांची संख्या मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ ने वाढून २७४ झाली, आणि ती आणखी वाढू शकते. महाराष्ट्रातील जागतिक वारसास्थळांच्या यादीत जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची भर पडली. त्यातल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत. नीलवंत हे फुलपाखरू २०१५ पासून राज्याचे मानचिन्ह आहे, सिल्व्हर पापलेट हा राज्यमासा २०२३ पासून. जुन्या यादीत दोन्ही नसतात. बदलू शकणारी संख्या विचारायचीच असेल तर ‘अमुक महिन्यापर्यंत’ अशी मर्यादा घाला. बदललेल्या गावांच्या व जिल्ह्यांच्या नावांबाबत साधा नियम पुरे: अहिल्यानगर म्हटले काय आणि अहमदनगर म्हटले काय, दोन्ही उत्तरे बरोबर.

चौथा धोका सर्वांना ‘माहीत’ असलेल्या चुकीच्या उत्तरांचा. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ असल्याचे अनेक पुस्तकांत छापलेले असते, पण सरकारने कोणताही खेळ तसा जाहीर केलेला नाही, हे केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेच माहितीच्या अधिकारातल्या उत्तरात सांगितले आहे. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. ‘राष्ट्रभाषा’ असा दर्जा घटनेने कोणत्याही भाषेला दिलेला नाही. चंद्रावरून चीनची भिंत दिसत नाही. असा प्रश्न तपासल्याशिवाय विचारला तर खरे वाचलेल्या मुलाला शून्य मिळते आणि चूक आणखी शंभर जणांच्या डोक्यात पक्की बसते. म्हणून या चुकीला क्षमा नाही असेच धरून चाला.

इतिहासाच्या तारखांकडे थोडे जास्त लक्ष द्यावे लागते. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी झाला. इंग्रजी तारीख आपण ६ जून १६७४ अशी देतो, ती त्या वेळी इंग्रज वापरत असलेल्या जुन्या, ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे. आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत तोच दिवस १६ जून येतो, कारण सतराव्या शतकात दोहोंमध्ये दहा दिवसांचे अंतर होते. इंग्रजांनी नवी दिनदर्शिका १७५२ मध्ये स्वीकारली. म्हणून त्याआधीच्या प्रसंगाची तारीख विचारण्यापेक्षा साल विचारणे बरे. शकावरून साल काढताना चैत्रापासून पौषाच्या सुमारापर्यंत ७८ आणि त्यानंतर फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. १५९६ च्या ज्येष्ठाला ७८ मिळवले की १६७४. शिवजन्माच्या फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ला ७९ मिळवले की १६३०. सरसकट ७८ मिळवून फाल्गुनातल्या घटनांची साले एका वर्षाने चुकवलेली अनेक प्रश्नसंचांत दिसतात. गोव्याच्या बाबतीत दोन दिवस वेगळे ठेवा: मुक्ती १९ डिसेंबर १९६१, घटकराज्य ३० मे १९८७.

पडताळणी

प्रत्येक उत्तराला दोन स्वतंत्र आधार हवेत. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाच संकेतस्थळांवर एकच वाक्य शब्दशः सापडले तर तो एकच आधार आहे, चार ठिकाणी नुसती नक्कल झाली आहे. मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो आणि निसर्ग, इतिहास, शास्त्र यांसाठी पहिला आधार म्हणून उत्तम आहे. मात्र छापील खंडांतल्या नोंदी जुन्या असल्याने लोकसंख्या, जिल्हे, विक्रम असे आकडे तिथून घेऊ नयेत. स्थानिक इतिहासासाठी जिल्हा गॅझेटियर पाहावे. राज्यचिन्हे, पुरस्कार, जिल्हे यांसाठी शासनाचे मूळ संकेतस्थळ किंवा शासन निर्णय पाहावा. व्हॉट्सॲपवर फिरणारी माहिती आणि चॅटबॉटने तयार करून दिलेले प्रश्न हे आधार नव्हेत. त्यातून कल्पना घ्यायला हरकत नाही, उत्तर पुन्हा मुळातून तपासायचे.

पडताळून झाल्यावर प्रश्न दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, उत्तर न सांगता. त्याने वेगळेच पण बरोबर उत्तर दिले तर प्रश्न ढिला आहे. ‘नेमके काय विचारलेय?’ असे त्याने विचारले तर शेवटचे वाक्य पुन्हा लिहा. ही चाचणी टाळली की सभागृहात पहिला वाद हमखास होतो.

प्रत्येक प्रश्नाचे एक कार्ड करा. त्यावर प्रश्न, मुख्य उत्तर, चालतील अशी इतर उत्तरे, आधार व पान, आणि तपासल्याची तारीख लिहा. अवघड नावांचे उच्चारही कार्डावरच लिहून ठेवा. चालणारी उत्तरे आधी ठरवणे फार उपयोगी पडते. ‘फाळके’ एवढे म्हटले तरी पुरे, पण ‘फुले’ म्हटले तर जोतीराव की सावित्रीबाई, हे सूत्रसंचालकाने विचारले पाहिजे, आणि तसे विचारायचे आहे हेही कार्डावर असले पाहिजे. नाहीतर एका संघाला सवलत आणि दुसऱ्याला नाही, असे होते.

फेऱ्यांची रचना

नव्वद मिनिटांच्या अंतिम स्पर्धेसाठी प्रत्येकी दोघांचे सहा संघ योग्य. त्याहून जास्त संघ आले तर पाळी येईपर्यंत मुले कंटाळतात. संघ जास्त असतील तर सकाळी लेखी चाळणी घ्या: २५ प्रश्न, २५ मिनिटे, सगळ्यांना एकच कागद. त्यातले पाच प्रश्न अवघड ठेवून त्यांना तारा द्या. समान गुण झाले तर ज्याचे तारांकित प्रश्न जास्त बरोबर तो पुढे. कागद असा असावा की पहिल्या येणाऱ्याला अठराएक गुण पडावेत. कोणालाच बारा पडले नाहीत, तर दोष मुलांचा नसून कागदाचा आहे.

सहा संघांसाठी अंतिम फेरीत असे प्रश्न लागतात: पहिली तोंडी फेरी १२, चित्रे व आवाज ६, चिठ्ठी फेरी ६, उलट दिशेची तोंडी फेरी १२, बझर ८. एकूण ४४. त्यावर एक चतुर्थांश, म्हणजे ११ राखीव आणि बरोबरी सोडवायला ३. अठ्ठावन्न कार्डे तयार असल्याशिवाय सभागृहात जाऊ नका. राखीव प्रश्न कमी पडले की सूत्रसंचालक घाईत सुचेल ते विचारतो आणि तिथेच घोळ होतो.

तोंडी फेरीतला नेहमीचा नियम म्हणजे थेट उत्तराला दहा, पुढे गेलेल्या प्रश्नाला पाच, आणि प्रत्येक संघाला ठरलेले प्रश्न. यात एक अन्याय दडलेला आहे: कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्या संघाला सगळे पुढे आलेले प्रश्न मिळत राहतात. बसण्याच्या जागेवर निकाल फिरतो. यावर उपाय असा. प्रश्न संघाला वाटून दिलेले नसतात, ते रांगेत पुढे सरकतात. पहिल्या संघाला आले नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. समजा चौथ्याने उत्तर दिले, तर पुढचा प्रश्न पाचव्यापासून सुरू. कोणालाच आले नाही तर ज्याच्यापासून प्रश्न सुरू झाला होता त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न. उत्तर थेट असो की सरकत आलेले, गुण सारखे: दहा. बारा प्रश्न झाल्यावर दुसऱ्या तोंडी फेरीत हेच उलट दिशेने, म्हणजे शेवटच्या संघाकडून पहिल्याकडे. या पद्धतीत शेजाऱ्याचा फायदा बराचसा मिटतो. पहिल्या संघाला तीस सेकंद द्या, पुढच्यांना पाच-पाच सेकंद पुरतात, कारण तेही मघापासून विचार करत असतात. हा नियम सुरुवातीला खडूने फळ्यावर बाण काढून समजावून सांगा. तोंडी सांगितला तर डोक्यावरून जातो.

चिठ्ठी फेरी सगळ्यांत न्याय्य असते. एकच प्रश्न, सहाही संघ एकाच वेळी कागदावर उत्तर लिहितात, चाळीस सेकंदांनी चिठ्ठ्या गोळा होतात. लोणार किंवा कळसूबाईसारखे कारण मागणारे प्रश्न इथे ठेवा. चिठ्ठ्यांवर संघाचा क्रमांक आधीच छापून ठेवा, घाईत मुले तो लिहायचा विसरतात.

बझर शेवटी ठेवा, आणि चुकीला वजा गुण द्या: बरोबरला दहा, चुकीला वजा पाच. वजा गुण नसतील तर मुले प्रश्न ऐकायच्या आधीच बटण दाबतात. बटण दाबताच वाचन जागीच थांबवायचे आणि पाच सेकंदांत उत्तर घ्यायचे. चुकले तर बाकीच्यांसाठी प्रश्न पूर्ण वाचायचा. बझर नसेल तर हात वर करण्यावर जाऊ नका, कोणाचा हात आधी यावर भांडण होते. त्याऐवजी आणखी आठ चिठ्ठी प्रश्न घ्या.

‘विज्ञान फेरी’, ‘इतिहास फेरी’ अशी नावे देऊ नका. ज्याला विज्ञान नकोसे वाटते तो संघ ती फेरी सुरू होण्याआधीच हार मानतो. प्रत्येक फेरीत सगळी क्षेत्रे मिसळा. सोपे, मध्यम, अवघड असे तीन गट करून दर सहा प्रश्नांत दोन-दोन येतील असे लावा, आणि पहिले दोन प्रश्न मुद्दाम सोपे ठेवा. आवाज फुटायला वेळ लागतो.

सभागृहात

चित्रांच्या फाइलचे नाव ‘हरियाल’ किंवा ‘जिंजी’ असे असेल तर पडद्यावर चित्र उघडण्याआधी उत्तर दिसते. फाइलींना १, २, ३ अशी नावे द्या. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि सगळे पीडीएफ करून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत उमटतो. आवाजाचे तुकडे संगणकावर आधीच उतरवून ठेवा आणि सभागृहाच्याच स्पीकरवर वाजवून पाहा. पक्ष्याचा बारीक आवाज मोठ्या सभागृहात पंख्यांच्या घरघरीत हरवतो. त्याऐवजी वाद्याचा आवाज निवडा.

सूत्रसंचालकाखेरीज एक वेळ पाहणारा, दोन गुण लिहिणारे आणि आक्षेप ऐकणारी दोघांची समिती हवी. दोन गुणलेखकांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहावे आणि प्रत्येक फेरीनंतर दोन्ही जुळवूनच गुण वाचावेत. संघांच्या टेबलांमध्ये दोन मीटर तरी अंतर असावे. उत्तर संघप्रमुखाचेच आणि त्याने बोललेले पहिलेच धरले जाईल, हे आधी सांगा. सूत्रसंचालकाने ‘हा तर अगदी सोपा आहे’ असे म्हणू नये. येत नसलेल्या मुलाला ते लागते, आणि येत असलेल्याचा आनंदही कमी होतो. उत्तर जाहीर केल्यावर मात्र अर्धा मिनिट त्यामागची गोष्ट सांगावी: कारवी का, दहा दिवसांचे अंतर का. प्रेक्षक त्यासाठीच बसलेले असतात. कोणालाच न आलेला प्रश्न प्रेक्षकांकडे द्या, पण उत्तर देणाऱ्याने जागेवर उभे राहूनच बोलायचे, नाहीतर ओरडून सांगितलेली उत्तरे पुढच्या प्रश्नात संघांपर्यंत पोहोचतात.

आक्षेप आला तर पुढचा प्रश्न वाचण्याआधीच निकाल द्या. संघाचे वेगळे उत्तरही बरोबर असल्याचे आधारासह दिसले तर पूर्ण गुण द्या. प्रश्नच सदोष निघाला तर तो सर्वांसाठी रद्द करा आणि राखीव प्रश्न त्याच संघापासून विचारा. ‘आमच्याकडे हेच लिहिले आहे’ हे कारण पुरेसे नाही. कार्डावरचा आधार दाखवता आला पाहिजे.

बरोबरी सोडवताना संख्येचा अंदाज मागा आणि दोन्ही संघांकडून लिहून घ्या. ज्याचे उत्तर जवळ, तो पुढे. ‘नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीत ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास किती मीटर?’ उत्तर ४५. ‘१८५३ ची ती पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे किती किलोमीटर धावली?’ उत्तर ३४. ‘जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठ्याची लेणी कोणत्या साली पडली?’ उत्तर १८१९. अशा प्रश्नात कोणीच निरुत्तर राहत नाही आणि निकाल एका प्रश्नात लागतो. दोघांचे अंतर सारखेच आले तर दुसरे कार्ड काढा.

स्पर्धा चालू असतानाच एका गुणलेखकाने प्रत्येक कार्डावर खूण करावी: पहिल्याच संघाला आले, सरकत जाऊन आले, की कोणालाच आले नाही. सहाही संघांना चिठ्ठीत बरोबर आलेला प्रश्न पुढच्या वर्षी चाळणीत टाका. कोणालाच न आलेला प्रश्न पुन्हा वाचा. त्यात वाट ठेवलेली नसेल तर एक खूण वाढवून नव्याने लिहा, वाट असेल तर राखीवमध्ये ठेवा. आणि कार्ड पेटीत परत ठेवण्याआधी तपासल्याची तारीख पाहा. वर्षापेक्षा जुनी झालेली संख्या पुन्हा तपासल्याशिवाय वापरायची नाही.